साखरेच्या गाण्याचं दुसरं कडवं

उमरठच्या भागोजी कळंबे यांनी माझ्या उजव्या तळहातावर हळदीची सुपारी ठेवली, मी मूठ मिटली आणि मग विचारलं, "माईकवर पुकारायला मुलीचं नाव काय सांगू?" ते म्हणाले, "श्रुतिका." त्या क्षणी माझं आधीचं आयुष्य संपलं, असं धरून मी हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे.

मी, विनीत मुरारी उतेकर, वय बावीस, शिक्षण एस. वाय. बी. कॉम. अर्धवट, धंदा बेंजो पार्टीत बेंजो वाजवणे, राहणार पोलादपूर, वडिलांच्या पिठाच्या गिरणीमागची खोली, जिल्हा रायगड, असं लिहून ठेवतो की आत्ता माझं डोकं ताळ्यावर आहे. ते नेहमी नसतं हे तालुक्याला माहीत आहे, म्हणून मुद्दाम नमूद केलं. दारू प्यायलेलो नाही. कुणी धाक घातलेला नाही. जेवण झालं आहे, पंखा चालू आहे आणि टेम्पो यायला अजून अवकाश आहे.

आई, हे तू वाचशील तेव्हा आधी एवढं वाच आणि मग खाली बस. मी मरणार नाही. मला काही झालेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीने सुनीलमामाकडे कांदिवलीला जातो आहे, तो त्याच्या गोदामात कामाला लावतो म्हणाला. तरी मृत्युपत्र का, तर त्याचं कारण यशराज.

यशराज आमच्या पार्टीत पॅड वाजवतो, म्हणजे ठेका त्याच्या हातात. मागे एकदा तो म्हणाला होता की बेंजो जुना झाला, विकून कीबोर्ड घेऊ. तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, "मी मेल्यावर घ्या माझा बेंजो! मी जिता असेपर्यंत कुणी हात लावायचा नाय!" आता मी जातो आहे, बेंजो त्याला द्यायचा आहे, तर तो घेईना.

"तू मेल्यावर घे म्हणालास," तो म्हणाला. "उद्या तुझं डोकं फिरलं की मुंबईवरनं येशील आणि माझ्या गळ्यातून ओढून नेशील. लिहून दे."

म्हणून महाडला अश्वजितकडे गेलो. अश्वजित माझा कॉलेजातला मित्र, आता कोर्टासमोर एका वकिलाकडे कागद टाईप करतो. त्याने आधी मला मिसळ खायला घातली आणि मग हसला.

"येड्या, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. तू तर दुसरा पाव मागतोयस."

"मग मरण म्हणजे काय ते मीच ठरवतो. लिहिता येतं ना कलमात?"

"कोर्टात टिकणार नाय."

"कोर्टात कोण जातंय? यशराजला पटलं म्हणजे झालं."

त्याने तर्री ढवळली. मग म्हणाला, "लिही. पण टाईप नाय करणार मी. स्वतःच्या अक्षरात लिही, म्हणजे तुझा राग निम्म्या पानावर दमेल."

दमलेला नाही. पुढे वाचा.

कलम १. या कागदापुरतं माझं मरण म्हणजे, आज टेम्पो आल्यावर मी या खोलीतून बाहेर पडून दार लावीन तो क्षण. दार लागलं की खालची सगळी कलमं लागू. त्यानंतर मी श्वास घेतोय, बोलतोय, मामाकडे जेवतोय, याला कुणी हरकत घेऊ नये.

कलम २. यापूर्वी मी तोंडी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. उदाहरणार्थ, 'मी गेलो तर तिरडीपुढे पार्टी लावा आणि धमाल गाणी वाजवा' हे मी दर गणपतीत म्हणालो आहे. तेही रद्द. कुणाच्याही तिरडीपुढे माझ्या आवडीचं गाणं वाजवू नये. चांगल्या गाण्याला आयुष्यभराचा वास लागतो.

कलम ३. आईला, म्हणजे सौ. गीताबाई यांना, माझ्याकडची सगळी गाणी. तिला देण्याची गरज नाही, तिच्याकडे ती आधीपासून आहेत. आमच्या पार्टीने एखादं नवीन गाणं बसवायला घेतलं की भिंतीपलीकडे भांडी घासता घासता आईचं पाठ व्हायचं. फक्त चाल. शब्दांची तिला पर्वा नाही. शब्द येत नाहीत तिथे ती घरातल्या माणसांची नावं घालते. कुठल्याही नटीच्या नाचाच्या गाण्यात 'मुरारी मुरारी' येतं, आणि रडक्या गाण्यात माझं नाव येतं. लहानपणी मला वाटायचं, मुंबईत बसून लोक माझ्यावरच गाणी लिहितात. आई, मी नसताना माझं नाव रडक्या गाण्यात घालू नकोस. एखाद्या नाचाच्या गाण्यात घाल, बाबांचं काढून.

कलम ४. बाबांना माझा ब्लूटूथ स्पीकर, गिरणीत ठेवण्यासाठी. बाबांचं मत असं आहे की त्यांच्या तरुणपणानंतर एकही गाणं झालेलं नाही, नंतर झाला तो नुसता गोंगाट. हे मत ते गिरणी चालू असताना, ओरडून मांडतात. बाबा, तुमच्या वेळच्या गाण्यांतही दर चौथ्या ओळीला चंद्र होता. आमच्या वेळी त्याची गाडी झाली. माणूस तेच मागतोय, सामान बदललंय. हे तोंडावर सांगायला गेलो की आपलं भांडण होतं, म्हणून मेल्यावर सांगतो.

कलम ५. बहीण अपेक्षा हिला माझा जुना फोन, चार्जरसह. त्यात वर्षावार लावलेली गाणी आहेत. अपेक्षा, तू बारावीला आहेस आणि तुझ्या मैत्रिणींना इंग्रजी गाणी आवडतात म्हणून तुलाही आवडतात. आवडू देत. पण घरात मराठी हिट गाणं लागलं की तू जे नाक मुरडतेस ते बंद कर. मला हिट गाणी आवडतात, मी हे कधी लपवलं नाही. शंभर माणसं, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, जी सकाळी बांधावरून भांडलेली असतात, ती एका चालीवर एकदम हात वर करतात. ते मी मांडवात उभं राहून बघितलं आहे. त्या गाण्यात काहीतरी आहेच.

आणि काय नाही, तेही भाऊ म्हणून सांगून जातो. ज्या गाण्यात पोरगी नथ, गजरा आणि पैंजण घालून विहिरीवर येते ते गाणं लिहिणाऱ्याने पोलादपूर स्टँड पाहिलेला नाही. इथली पोरगी तोंडाला ओढणी बांधून, एका हातात सॅक आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन महाडच्या एसटीत शिरते आणि खिडकीसाठी भांडते. ज्या गाण्यात पोरगा 'तुझ्यासाठी जीव देईन' म्हणतो तेही पुढे ढकल. जीव कुणी मागत नाही. मागतात ते फार थोडं असतं, आणि तेच देता येत नाही.

कलम ६. कॉलेजातल्या त्या सरांना, ज्यांनी स्नेहसंमेलनात माईकवर सांगितलं की "ही गाणी म्हणजे चघळून थुंकायचा माल आहे, आमच्या कॉलेजात वाजणार नाहीत," त्यांना मी पोलादपूर स्टँडवरची एक अख्खी दुपार ठेवून जातो. सर, तिथल्या बाकावर बसा आणि कोण काय गुणगुणतंय ते ऐका. कंडक्टर, पेरूवाली, पास काढायला आलेली पोरं. तुमच्या नावडत्या गाण्यांनी किती माणसांची दुपार निभते ते बघा. त्या दिवशी मी दुसऱ्या माईकवर तुम्हाला जे बोललो त्याची माफी मागायला तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. मी आलो नाही, आणि मग कॉलेजातच आलो नाही. ओळखपत्राची मी कात्रीने नखी कापली. बेंजोच्या तारा छेडायला जो प्लॅस्टिकचा तुकडा लागतो तो. तुमच्या कॉलेजचं कार्ड त्या कामाला उत्तम आहे. फोटोतला माझा अर्धा कान अजून त्यावर दिसतो.

हे कलम नाही, पण इथेच सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

श्रुतिका त्याच कॉलेजात होती. उमरठहून यायची, पोलादपूरला गाडी बदलायची आणि आम्ही एकाच एसटीने महाडला जायचो. माझ्या इअरफोनचा डावा कान बिघडला होता, त्यात आवाज बारीक यायचा. तीच बाजू ती मागून घ्यायची. "बारीक आवाजात शब्द नीट ऐकावे लागतात," म्हणायची. मी उजव्या कानात ठेका ऐकायचो, ती डाव्या कानात शब्द, आणि परतीची गाडी येईपर्यंत महाड स्टँडवर उभं राहून आमचं भांडण चालायचं. एकाच गाण्यावर.

ते गाणं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या कुणा पोरांनी यूट्यूबवर टाकलं आणि मग हळद नाही, वाढदिवस नाही, गोविंदा नाही की ते वाजलं नाही.

साखर साखर तू गं माझी, मी गं काळा चहा,
ढवळ ढवळ जीवाला, जरा थांबून पहा.

मला ते मनापासून आवडायचं, ठेक्यासाठी. शब्द म्हणजे चहाच्या पुडीवरचे. मी तिला तसं बोललो तर ती म्हणाली, "तू पुढचं ऐकलंच नाहीस. दुसरं कडवं."

"त्याला दुसरं कडवं हाय?"

"बघ! वाजवतोस आणि विचारतोस."

खरंच नव्हतं ऐकलं. कुणीच ऐकत नाही. रीलमध्ये मुखडा असतो, आणि हळदीत आम्ही मुखडा दोनदा वाजवून पुढच्या गाण्यात उडी मारतो. बेंजो पार्टीची रीतच तशी आहे. गाणं पुरं करायचं नाही. पुरं झालं की नाचणारा दमतो, पाणी प्यायला जातो, मांडव रिकामा होतो. पॅडवाल्याने खूण दिली की बेंजोवाल्याची बोटं आपोआप पुढच्या गाण्यावर जातात. ती शिकवावी लागत नाहीत. बेंजोला शब्द नसतातच, टाईपरायटरसारखी बटणं आणि तारा. शब्द नाचणाऱ्यांच्या डोक्यात असतात, आणि त्यांच्या डोक्यात फक्त मुखडा असतो.

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीला आम्ही वर्गाबरोबर गेलो होतो तेव्हा रोपवेच्या रांगेशेजारी कमळाबाई म्हणून एक आजी ताक विकत होत्या. त्यांच्या टपरीवर हेच गाणं लागलं. मुखडा झाला आणि आजींनी फोन उचलून पुढचं लावलं.

"आज्जी, पुरं वाजू दे ना," श्रुतिका म्हणाली.

"पुरं वाजलं का गिऱ्हाईक उठतंय गो. पुढचं लावलं का बसतंय."

"मी नाय उठणार. अजून एक ताक द्या, पण पुरं लावा."

आजी हसल्या आणि लावलं. रांगेतले सगळे बोलत होते, समोर कुणीतरी भजीवरून भांडत होतं, आणि ती ताकाचा ग्लास हातात धरून, मान थोडी खाली घालून ऐकत होती.

चहा निवला, कप राहिला, बाकी सारं गेलं गं,
धुवायाला नेला, पाणी डोळ्यांमधून आलं गं,
तळाशी ना थेंब उरला, ना साखरेचा कण गं,
काठ अजून गोड लागे, वेडं माझं मन गं.

"वेडं माझं मन," मी म्हणालो. "पुढं सुचलं नाय की सगळे हेच टाकतात."

"माहिती आहे. शेवटचे तीन शब्द भरतीचे आहेत. पण त्याच्या आधीचा काठ बघ ना, विनीत. अख्ख्या गाण्यात तेवढंच खरं आहे. त्या एका ओळीसाठी त्याने वरचं सगळं चहासाखर लिहिलं असेल."

"मग भरतीचे शब्द सोडून द्यायचे."

"नाय. पुरं म्हणजे वाईटासकट पुरं."

तेव्हा तिच्या वरच्या ओठावर ताक लागलं होतं. मी सांगितलं नाही. घरी येईपर्यंत ते वाळून गेलं, आणि मी ते अजून बघतो आहे.

मग एकदा महाड स्टँडवर मी तिला सरळ विचारलं. मला फिरवून विचारता येत नाही. ती म्हणाली, "मला एक दे, मग सांगते. एखाद्या हळदीत ते दुसरं कडवं पुरं वाजव. लोक ओरडले तरी. माझ्यासाठी त्यांना तेवढं थांबवलंस तर मला कळेल."

"एवढंच?"

"एवढंच."

दासगावला तिच्या मैत्रिणीची, स्नेहलची हळद होती. पार्टी आमचीच होती. श्रुतिका समोर हिरव्या ड्रेसमध्ये उभी होती. मी मुखडा घेतला, आणि तिच्याकडे बघून दुसऱ्या कडव्यात शिरलो. पहिली ओळ झाली. नाचणारे थांबले, कारण त्यांना ही चाल माहीत नव्हती. कुणीतरी ओरडलं, "ए बेंजो, झोपला का रे?" दुसरी ओळ चालू झाली, एकाने शिट्टी मारली, यशराजने पॅडवर खूण दिली, आणि माझी बोटं गेली. मी पाठवली नाहीत, तीच गेली. मांडवात परत सगळ्यांचे हात वर, आणि त्या हातांमधून मला हिरवा ड्रेस मागे मागे जाताना दिसला.

दुसऱ्या दिवशी एसटीत ती म्हणाली, "तुझी बोटं पब्लिकची आहेत."

"एका कडव्यासाठी एवढं?"

"एवढंच तर मागितलं होतं."

मी काय बोललो ते इथे लिहितो, कारण त्याचंही वाटप करायचं आहे. मी म्हणालो, "मग जा, आणि शब्दांशी लग्न कर." ती "बरं" म्हणाली आणि खिडकीकडे वळली. मी तिचा नंबर ब्लॉक केला. मग काढला. मग पुन्हा केला. कुणी रागाचं दुकान काढणार असेल तर माझ्याकडे माल पडून आहे.

पावसाळा गेला, गणपती गेले, शिमगा गेला. प्रत्येक मांडवात आम्ही मुखडा वाजवला.

आणि मग या खोलीत भागोजी कळंबे आले. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिचे बाबा मुंबईला असतात एवढंच मला माहीत होतं, आणि उमरठला कळंब्यांची घरं बरीच आहेत. आमच्या धंद्यात आधी सुपारी हातावर घ्यायची आणि मग गाव, दिवस, नाव विचारायचं. आधी विचारलं तर माणसाला वाटतं, आपल्याला तोलतायत. आणि घेतलेली सुपारी परत देत नाहीत. दिली तर पुढच्या हळदीला त्या खोऱ्यात कुणी बोलवत नाही. तेवढ्यासाठी आख्ख्या तालुक्यातल्या पार्ट्या तापात, पावसात, घरात दुःख असताना उभ्या राहतात.

मूठ मिटून झाल्यावर मी नाव ऐकलं. भागोजीकाका आपल्या नादात बोलत होते.

"पोरीनं हो म्हटलं, मंग आम्ही पुढं गेलो. जबरदस्ती नाय हां. आणि पार्टी पण तिनंच सांगितली. म्हणाली, पोलादपूरला गिरणीमागं हायत, तीच सांगा. आणि काय ते चहासाखरंचं गाणं हाय ना? ते वाजवा म्हणाली, पण पुरं वाजवा. तोडू नका. मला काय कळत नाय त्यातलं. तुम्हाला कळलं ना?"

"कळलं," मी म्हणालो.

"चहा-बिहा काय नको," म्हणाले आणि गेले. सुपारी मुठीतच होती. घाम आला होता.

तिने मला का बोलावलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. यशराज म्हणाला, "बोलवते म्हणजे पळवून ने म्हणते. टेम्पो हाय, डिझेल हाय." अश्वजित म्हणाला, "सूड घेते." मी दोघांवरही ओरडलो. आता शांतपणे लिहितो की दोन्ही नाही. जिने हो म्हटलं आहे तिने म्हटलं आहे. तिला ते कडवं ऐकायचं आहे, एवढंच. ती नेहमी जेवढं हवं तेवढंच मागते. आपल्याला त्यात जास्त ऐकू येतं, तो आपला कान.

कलम ७. इअरफोन कुणालाही देऊ नयेत. डावा कान खराब आहे, घेणाऱ्याचा तोटा होईल. ते या खोलीत खिळ्यावर आहेत तिथेच राहू द्यावेत.

कलम ८. बेंजो, त्याची पेटी, पट्टा, तारांचा जादा जुडगा, आणि ओळखपत्राची नखी, हे सर्व यशराजला. अट एकच, आणि तिच्यासाठीच हा सगळा कागद आहे. आज उमरठच्या मांडवात मी साखरेचं गाणं घेईन. मुखडा दोनदा होईल. मग मी दुसऱ्या कडव्यात शिरीन. तेव्हा यशराजने पॅडवरचे हात उचलून मांडीवर ठेवायचे. कुणी ओरडलं, शिट्टी मारली, नवरीच्या मामाने दम दिला, तरी ठेवायचे. चौथी ओळ, भरतीच्या तीन शब्दांसकट, पुरी होईपर्यंत. त्याने आधी खूण दिली तर बेंजो त्याच्याकडे राहणार नाही, सावित्री नदीत टाकण्यात येईल. हे मी रागात लिहिलेलं नाही.

यशराजने हे कलम आत्ता खांद्यावरून वाचलं.

"मांडव थंड पडंल रे. आपलं नाव जाईल."

"माझं जाईल. मी मेलेला असेन."

"आणि तुझी बोटं परत पळाली तर?"

तेच तर. म्हणून मी मरणाची व्याख्या दारापाशी ठेवली, मांडवापाशी नाही. दार लागलं की बेंजो यशराजचा होतो, आणि आजच्या हळदीपुरता तो मला वाजवायला देणार आहे. म्हणजे आज उमरठला बेंजोही माझा नसेल आणि नावही माझं नसेल. दासगावला मला नाव सांभाळायचं होतं, पुढची सुपारी सांभाळायची होती, नाचणाऱ्यांचे वर गेलेले हात सांभाळायचे होते. ज्याचं सगळं वाटून झालं आहे त्याला 'ए बेंजो, झोपला का रे' म्हणून काय भिववणार? आयुष्यात पहिल्यांदा ही बोटं माझी असतील.

यशराजने कागद हातात घेऊन कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "ठेवतो हात मांडीवर. पण चौथी ओळ झाली की लगेच मारणार हां. बायामाणसं उभी असतात."

"मार."

कलम ९. नवऱ्या मुलास. आपलं नाव मी पत्रिकेवर वाचलं आहे, इथे लिहीत नाही, अक्षर बिघडतं. आपल्याविषयी काही राग नाही. होता, तो वर कुठेतरी दमला, अश्वजितचं म्हणणं खरं झालं. एक सूचना फक्त. आपली गाडी आहे असं ऐकतो. गाडीत गाणं लागलं आणि ती बोलायची थांबली, तर गाणं बदलू नका. नावडतं असलं तरी, फोन वाजत असला तरी. ती दुसऱ्या कडव्याची वाट बघत असते. तेवढं झालं की ती आपणहून बोलेल, आणि छान बोलते.

कलम १०. श्रुतिका भागोजी कळंबे हिला, जी उद्यापासून दुसऱ्या आडनावाची होईल, मी कोणतीही वस्तू देत नाही. वस्तूवरून लोक बोलतात. तिला मी साखरेच्या गाण्याचं दुसरं कडवं देतो. बेंजोला शब्द नसतात, आणि त्या मांडवात ते शब्द माहीत असलेलं दुसरं कुणी नसेल. शेकडो माणसांना नुसत्या तारा ऐकू येतील, कंटाळा येईल, कुणी पाणी प्यायला जाईल. हळद लावून पाटावर बसलेल्या एका मुलीला सगळे शब्द ऐकू येतील, बारीक आवाजात. वाजवून झाल्यावर त्या कडव्यावर माझा हक्क राहणार नाही. मी ते पुन्हा कुठेही वाजवणार नाही, गुणगुणणार नाही. 'शब्दांशी लग्न कर' हे मी बोललो होतो तेही परत घेऊन, तिच्याऐवजी स्वतःला देतो.

मला उत्तर नको आहे. महाड स्टँडवर मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर ती देणार होती, ते तिने तिच्याकडेच ठेवावं. ते होतं, एवढं मला पुरे. पुरे नाही, पण लिहिलं आहे, खोडत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अश्वजितने करावी; सहीसाठी तो आज महाडहून इथे आला आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, असं त्यानेच सांगितलं. म्हणून साक्षीसाठी त्याला मी काहीही दिलेलं नाही. तो म्हणाला, "एवढी वर्षं तुझी बडबड ऐकली, एक तार तरी द्यायचीस." कायदा म्हणजे कायदा. दुसरा साक्षीदार टेम्पोवाला भिकाजी सकपाळ. तो आत्ताच आला आहे. त्याने पुरं वाचलं नाही, "लांबलचक हाय" म्हणाला, पण सही करताना माझ्याकडे बघून म्हणाला, "घाटात सावकाश नेतो आज."

लिहून देणार:
विनीत मुरारी उतेकर (सही)

साक्षीदार:
१. अश्वजित सोमा गायकवाड, राहणार महाड (सही)
२. भिकाजी सकपाळ, राहणार पोलादपूर (सही)

वर लिहिलेलं वाचलं, मान्य आहे, हात मांडीवर ठेवीन:
यशराज (सही, साक्षीदार म्हणून नव्हे)

ठिकाण: पोलादपूर, गिरणीमागची खोली
दिनांक: ९ मे २०२५, उमरठच्या हळदीचा दिवस, दुपार

सह्या झाल्यानंतरची नोंद. बाहेर भिकाजीने हॉर्न दिला. यशराज पॅड घेऊन गेला, अश्वजितही त्याच्यामागून गेला. गिरणी चालू आहे, आणि भिंतीपलीकडे आई साखरेच्या गाण्याचा मुखडा म्हणते आहे. त्यात चहाच्या जागी माझं नाव आहे. नाचाच्या चालीवर. तिने अजून हे वाचलेलं नाही.

सुपारी माझ्या शर्टाच्या खिशात आहे. इअरफोन खिळ्यावर. पंखा बंद केला. हा कागद गादीवर, वर गिरणीतल्या तराजूचं वजन ठेवून ठेवतो, उडू नये म्हणून. बेंजो गळ्यात घातला आहे आणि पेन ठेवायच्या आधी शेवटची ओळ आगाऊच लिहून ठेवतो: मी बाहेर पडलो, दार ओढून घेतलं, कडी लावली.